मागवलेली बाटली परत करता येते का?

सप्लिमेंटची ऑर्डर द्यायला दोन मिनिटे पुरतात, शंका मात्र सावकाश येते. रात्री फोन चाळताना जाहिरात दिसते, 'फक्त तीन बाटल्या शिल्लक' असे लाल अक्षरांत लिहिलेले असते आणि पैसे भरले जातात. सकाळी घरातले कुणी तरी विचारते, 'ही कंपनी कुठली?' मग शोधाशोध सुरू होते. संकेतस्थळावर पत्ता नसतो, दिलेला फोन कुणी उचलत नाही, अभिप्राय सगळे एकाच सुरात लिहिलेले दिसतात. तोवर 'तुमचे पार्सल निघाले आहे' असा संदेशही येऊन पडलेला असतो.

अशा वेळी घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशांचा. तो रास्तच आहे, पण त्याहून मोठा प्रश्न आरोग्याचा आहे. मागवलेली साडी किंवा चप्पल खराब निघाली तर नुकसान खिशाचे होते. गोळी, पावडर किंवा काढा पोटात जातो. नव्या औषधाला बाजारात येण्याआधी सरकारी मंजुरी लागते, त्यामागे चाचण्या असतात. सप्लिमेंट कायद्याच्या नजरेत अन्न आहे, आणि त्याची सरकारी तपासणी बहुतेक वेळा विक्री सुरू झाल्यानंतर होते. ती होईपर्यंत माल घरात पोहोचलेला असतो. म्हणूनच संशयास्पद ऑर्डर वेळेत रद्द करणे ही ग्राहकाच्या हातातली शेवटची तपासणी ठरते. तिचे नियम, मार्ग आणि मर्यादा माहीत असायला हव्यात.

परवाना आणि तपासणी वेगळी

आपल्याकडे सप्लिमेंट अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली येतात. त्यांच्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले. डब्यावर दिसणारा १४ अंकी क्रमांक हा या प्राधिकरणाचा परवाना. तो पाहून पुष्कळांना वाटते की सरकारने हे उत्पादन तपासले आहे. प्रत्यक्षात परवाना मिळतो तो व्यवसायाला. नियमांच्या यादीतले घटक ठरल्या प्रमाणात वापरले तर प्रत्येक उत्पादनासाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागत नाही. डब्यात लिहिले आहे तेच आहे का, याची जबाबदारी उत्पादकावर सोपवलेली असते आणि अधिकारी बाजारातून नमुने उचलून त्याची पडताळणी करतात.

अमेरिकेतही व्यवस्था अशीच आहे. तिथल्या १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकण्याआधी त्यांच्या औषध प्रशासनाची मंजुरी लागत नाही. त्यामुळे 'अमेरिकेत बनलेले' किंवा 'एफडीए नोंदणीकृत' एवढ्या शिक्क्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

ही भीती कागदावरची नाही. केरळमधील डॉक्टर व सहकाऱ्यांनी भारतीय बाजारातली ३६ प्रथिन सप्लिमेंट स्वखर्चाने तपासली. 'मेडिसिन' या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार सुमारे ७० टक्के उत्पादनांवर प्रथिनांची माहिती चुकीची होती. काहींमध्ये लिहिल्याच्या निम्मेच प्रथिन निघाले. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून तयार होणारी अफ्लाटॉक्सिन ही विषारी द्रव्ये आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या २५ चघळायच्या गोळ्या तपासल्या गेल्या, त्यांतल्या २२ वरची माहिती चुकीची होती. एका उत्पादनात तर लिहिल्याच्या साडेतीन पट मेलाटोनिन होते. ही सगळी दुकानात किंवा संकेतस्थळावर उघड विकली जाणारी उत्पादने होती. ज्याचा पत्ताच नाही, त्या विक्रेत्याच्या मालाबद्दल काय म्हणावे?

कमी भरलेल्यापेक्षा लपवून भरलेले वाईट

प्रथिन कमी निघाले तर ग्राहक फसतो, पण सहसा आजारी पडत नाही. धोका असतो तो लेबलवर न लिहिता मिसळलेल्या औषधांचा. अमेरिकी औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात अशी औषधे मिसळलेली ७७६ सप्लिमेंट नोंदवली. त्यांतली बहुतेक तीनच प्रकारची होती : लैंगिक शक्ती वाढवणारी, वजन घटवणारी आणि स्नायू फुगवणारी. पहिल्या प्रकारात सिल्डेनाफिल सापडे, दुसऱ्यात सिब्युट्रामिन.

हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात नकळत सिल्डेनाफिल गेले तर रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. सिब्युट्रामिनमुळे हृदयविकाराचा झटका व पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून भारताने त्यावर २०११ मध्ये बंदी घातली. सांधेदुखीच्या 'नैसर्गिक' गोळ्यांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणेही आहेत. 'आर्ट्री किंग' नावाच्या सप्लिमेंटमध्ये डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन ही न लिहिलेली औषधे आढळल्याचे इशारे अमेरिकी प्रशासनाने २०२२ मध्ये दिले. 'दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला' हा अभिप्राय म्हणूनच आनंदापेक्षा काळजीचा असू शकतो. स्टेरॉइड दोन दिवसांत खरोखरच आराम देते, आणि मधुमेही माणसाची साखरही तितक्याच लगबगीने वाढवते.

तेव्हा वजन, लैंगिक शक्ती, स्नायू आणि सांधेदुखी या चार कारणांसाठी अनोळखी विक्रेत्याकडे दिलेली ऑर्डर जास्त विचार न करता रद्द करावी. हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर कोणतेही सप्लिमेंट डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नये.

जाहिरात एक सांगते, डबा दुसरे

विक्रेता संशयास्पद आहे हे ओळखायचे कसे? सर्वांत सोपी खूण म्हणजे जाहिरात आणि लेबल शेजारी ठेवून पाहणे. नियमानुसार हेल्थ सप्लिमेंटच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावीच लागते. त्याच डब्याच्या जाहिरातीत 'मधुमेह मुळापासून बरा' असे म्हटले असेल, तर दोहोंपैकी एक खोटे आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, मोतीबिंदू यांसारखे आजार बरे करण्याचे किंवा उंची वाढवण्याचे दावे जाहिरातीत करायला तो मनाई करतो. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. एवढे असूनही अशा जाहिराती फोनवर रोज येतात. एक बंद झाली की दुसऱ्या नावाने तीच पुन्हा उगवते.

दुसरी खूण परवान्याच्या क्रमांकाची. तो प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. १ ने सुरू होणारा क्रमांक परवान्याचा, २ ने सुरू होणारा लहान व्यवसायाच्या नोंदणीचा. मोठ्या कारखान्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालावर २ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर विचारणा करावी. क्रमांक खरा असला तरी तो त्याच कंपनीचा आणि त्याच पत्त्याचा आहे का, हे पाहावे; दुसऱ्याचा क्रमांक छापणे अवघड नसते. आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर अन्नाचा नव्हे, तर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक हवा. दोन्ही नसतील तर प्रश्नच मिटला.

तिसरी खूण पैशांची. पैसे कंपनीच्या खात्याऐवजी एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर मागितले जात असतील, बिल मिळणार नसेल आणि बोलणे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर चालत असेल, तर ऑर्डर पुढे जाऊ देऊ नये.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची आहे. ऑनलाइन विक्रेत्यांनी तिचे 'नो रिफंड' असे नामांतर केले. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत, कारण न सांगता, रद्द करण्याचा हक्क आहे. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही. 'मन बदलले' एवढ्या कारणावर पैसे परत द्यायला विक्रेता बांधील नाही. ते त्याच्या धोरणावर अवलंबून असते.

मात्र कारण असेल तर कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात की माल सदोष, बनावट, जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा ठरल्या वेळेपेक्षा उशिरा आलेला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेणे वा पैसे परत देणे नाकारता येत नाही. बिलावर मुदत लिहिली नसेल तर सदोष मालाचे पैसे ३० दिवसांत परत न करणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. ऑर्डर निश्चित झाल्यावर ग्राहकाने ती रद्द केली तर कंपनीला त्याच्याकडून शुल्क घेता येत नाही. कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा तसेच शुल्क भरत असेल, तरच ही मुभा आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

म्हणजे रद्द करताना लिहायचे कारण महत्त्वाचे आहे. 'नको आहे' असे लिहिण्यापेक्षा 'जाहिरातीत मधुमेह बरा होतो म्हटले आहे, लेबलवर औषधी वापरासाठी नाही असे आहे, परवाना क्रमांक दुसऱ्या कंपनीचा आहे' असे लिहिलेली तक्रार टिकते. त्यासाठी जाहिरातीचा, ऑर्डरच्या पानाचा आणि संभाषणाचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावा. वाद सुरू झाला की अशी पाने गायब होतात.

'फक्त तीन शिल्लक' ही घाईही आता नियमाच्या कक्षेत आली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ग्राहकाला गोंधळवून नको तो निर्णय घ्यायला लावणाऱ्या १३ क्लृप्त्या त्यात दिल्या आहेत. खोटी घाई, न मागता टोपलीत वस्तू टाकणे आणि वर्गणीचा सापळा, म्हणजे रद्द करण्याची सोय लपवणे, या त्यातल्याच. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितले. मोठ्या मंचांवर याचा उपयोग होईल. कालच उघडलेल्या आणि उद्या बंद होणाऱ्या संकेतस्थळाला अशा सूचनेची भीती नसते.

कोणत्या टप्प्यावर काय करावे

पार्सल निघण्याआधी रद्द करणे सर्वांत सोपे. अ‍ॅपमधून रद्द करावे आणि त्याच वेळी विक्रेत्याला ई-मेलही पाठवावा, म्हणजे तारीख-वेळेचा पुरावा राहतो. पार्सल निघाले असेल तर दारात ते स्वीकारू नये. कॅश ऑन डिलिव्हरीमध्ये ग्राहकाची ताकद इथेच असते : पैसे अजून आपल्या हातात असतात. घरातल्या ज्येष्ठांना आणि सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला तशी कल्पना द्यावी, नाही तर 'तुमच्या नावाचे होते म्हणून पैसे देऊन घेतले' हे संध्याकाळी ऐकावे लागते. पार्सल घेतलेच तर उघडतानाचा व्हिडिओ काढावा आणि बाटलीचे सील तोडू नये. सील तुटले की परतीचा वाद अवघड होतो.

कार्डाने पैसे भरले असतील आणि विक्रेता दाद देत नसेल तर बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवता येते. त्याला मुदत असते, म्हणून वाट पाहत बसू नये. यूपीआयने गेलेले पैसे आपल्या बाजूने परत खेचता येत नाहीत, म्हणून अनोळखी विक्रेत्याला आगाऊ यूपीआय करणे हा सर्वांत कच्चा मार्ग.

'पहिला महिना फुकट' किंवा 'दरमहा घरपोच' अशा योजनेत आणखी एक काम उरते. ऑर्डर रद्द करणे आणि खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी कपात होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी आणि परवानगी केव्हाही मागे घेता यायला हवी. यूपीआय अ‍ॅपमधील 'ऑटोपे' किंवा बँकेच्या कार्ड विभागात जाऊन ती स्वतः बंद करावी, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नये.

तरीही पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार कंपनीकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न होतो. पुढचा टप्पा ग्राहक आयोगाचा. विक्रेता दिल्लीचा असला तरी लातूरच्या ग्राहकाला लातूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, 'ई-जागृती' संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल होते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. माल बनावट वा धोकादायक वाटत असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनालाही कळवावे. ग्राहक आयोगामुळे एका माणसाचे पैसे परत येतील; त्याच बॅचच्या इतर बाटल्या थांबवण्याचा अधिकार प्रशासनाकडे आहे.

रद्द करतानाची दुसरी फसवणूक

एक सावधगिरी या सगळ्याहून महत्त्वाची. ऑर्डर रद्द करायची घाई झालेला माणूस इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतो आणि भामट्यांनी पेरून ठेवलेल्या क्रमांकावर फोन करतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, 'रिफंडसाठी' एखादे अ‍ॅप उतरवायला किंवा यूपीआयचा पिन टाकायला सांगतो. दोन हजारांच्या बाटलीपायी खाते रिकामे होते. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, तो लागतो देण्यासाठी. 'ऑर्डर रद्द करायची तर ओटीपी सांगा' असे फोनवरून कुणी म्हटले तर सांगू नये. ओटीपी कशासाठी आहे ते त्या संदेशातच लिहिलेले असते, ते आधी वाचावे. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते.

बाटली आधीच उघडली असेल तर

'पैसे तर गेलेच, निदान संपवून तरी टाकू' हा विचार आपल्या घरांत फार पटकन येतो. वाया घालवू नये हा संस्कार ताटातल्या अन्नाबाबत चांगला, संशयास्पद गोळीबाबत घातक. घेणे थांबवावे, पण सांधेदुखी, दमा किंवा वजन वाढवण्याची पावडर अनेक आठवडे घेतली असेल तर थांबवण्याआधी डॉक्टरांना गाठावे. त्यात स्टेरॉइड असेल तर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते आणि एकाएकी बंद केल्यास थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. डोळे किंवा लघवी पिवळी होणे, छातीत धडधड, चेहरा सुजणे, साखर अचानक वाढणे यांपैकी काही दिसले तर बाटली सोबत घेऊनच दवाखान्यात जावे. रक्त तपासणीपूर्वीही सप्लिमेंटची माहिती द्यावी. बायोटिनसारखे साधे जीवनसत्त्वही मोठ्या मात्रेत थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही चाचण्यांचे निकाल चुकवते.

ग्राहकाच्या पलीकडे

इथवरची सगळी कामे ग्राहकाच्या अंगावर आहेत, आणि हाच या व्यवस्थेतला दोष आहे. परवाना शोधायचा त्याने, पुरावे जपायचे त्याने, आयोगात जायचे त्याने. आठशे रुपयांच्या डब्यासाठी बहुतेक लोक हे करत नाहीत, आणि लबाड विक्रेत्याचा धंदा नेमका या कंटाळ्यावर चालतो.

यात सुधारणेला वाव आहे, तोही फार खर्च न करता. एफएसएसएआयचे अन्न परत मागवण्याचे नियम २०१७ पासून आहेत. पूर्वी दुकानातून विकलेला डबा कुणाच्या घरी गेला हे दुकानदारालाही ठाऊक नसे, त्यामुळे परत मागवण्याची सूचना वर्तमानपत्रातल्या कोपऱ्यात छापून काम भागवावे लागे. ऑनलाइन विक्रीत प्रत्येक खरेदीदाराचे नाव, फोन आणि पत्ता मंचाकडे असतो. सवलतीचा संदेश दिवसातून तीनदा पाठवू शकणारा मंच 'तुम्ही घेतलेल्या बॅचचा नमुना नापास झाला आहे, वापर थांबवा, पैसे परत जमा केले आहेत' हा संदेशही पाठवू शकतो. तसे करणे त्याच्यावर बंधनकारक करावे. तसेच पोटात घ्यायच्या वस्तूंपुरता, सील शाबूत असेल तर, कारण न देता ऑर्डर रद्द करण्याचा काही दिवसांचा हक्क कायद्याने द्यायला हरकत नसावी. प्रामाणिक उत्पादकाचे त्यात फारसे नुकसान नाही. त्याचा माल परत येण्याचे प्रमाण कमीच राहील.

हे होईल तेव्हा होईल. तोवर निवड सोपी ठेवता येते. शंका आली तर सील तोडण्याआधी थांबावे, कारण लिहून ऑर्डर रद्द करावी, पैसे परत मिळवण्याचा प्रयत्न करावा. ते मिळाले नाहीत तरी ती बाटली तोंडाला लावू नये. बुडालेले पैसे पुन्हा कमावता येतात, बिघडलेले यकृत किंवा मूत्रपिंड मात्र कुठलाही मंच बदलून देत नाही.